जुनी गाडी घेताना आणि विकताना: किनारपट्टीवरचे अनुभव

कातळकोन (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात भाचा आला होता. कणकवलीला नवी नोकरी लागलीय, रोजचं जाणं-येणं, अडीच लाखांपर्यंत गाडी हवी. म्हणाला, "मामा, मालवणात एक बघितलीय, एकदम चकाचक. उद्या इसार देऊन टाकतो." मी म्हटलं, दोन दिवस थांब. त्याला त्या रात्री जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय. गेल्या काही वर्षांत मी एक गाडी विकली आणि एक घेतली, दोन्हीकडे चुकलो. निदान आपल्या देवगड-मालवण-वेंगुर्ल्याकडच्या कुणावर तरी ती वेळ येऊ नये.

आधी विकण्याचं सांगतो, कारण ती चूक जास्त महाग पडली.

आमची २००९ ची अल्टो होती. डिसेंबर २०१९ मध्ये विकली. घेणारा शेजारच्या गावचा, तोंडओळखीचा. एजंटने गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे टीटी फॉर्म आणले, म्हणजे २९ आणि ३० नंबरचे. मी जिथे खूण केली होती तिथे सह्या केल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी, तारखेची जागाही कोरी. "ओरोसला आरटीओत माझं जाणं असतंच, आठ दिवसांत नाव चढेल," असं तो म्हणाला. पंच्याऐंशी हजार रोख मिळाले, गाडी अंगणातून बाहेर पडली, आम्ही विषय संपला असं धरलं. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि विचारायचंही राहून गेलं.

२०२२ च्या पावसात पोस्टमनने भिजलेलं पाकीट आणून दिलं. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. आमच्या जुन्या अल्टोने गगनबावड्याच्या बाजूला एका दुचाकीला ठोकर दिली होती. गाडी तोवर आणखी दोन हात फिरली होती. विमा कधीच संपलेला. आणि आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, मालक म्हणून अजून माझंच नाव.

मी वकिलांना म्हणालो, "अहो, पण मी तर गाडी विकलीय." त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा निकाल समोर ठेवला. त्या प्रकरणातही पहिल्या मालकाने गाडी विकली होती, ती हातोहात पुढे गेली होती आणि नंतर अपघात झाला होता. न्यायालयाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. जखमी माणसाने गाडी कुणाकुणाकडे फिरली ते शोधत बसायचं नाही. वाचून वाईट वाटलं, पण त्यात चूक काहीच नाही. दुचाकीवरचा तो मुलगा मी तारखेला पाहिला. एक पाय सरळच ठेवून बाकावर बसायचा, गुडघा वाकतच नव्हता. विमा चालू असता तर त्याचे पैसे इतके दिवस अडकले नसते.

चौदा महिने फेऱ्या मारल्या. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, गाडी ज्याच्या ताब्यात होती त्याने बरीचशी रक्कम भरली, माझ्या वाट्याला चाळीस हजार आले. वकिलांची फी वेगळी. म्हणजे गाडीचे आलेले पैसे जवळजवळ सगळे गेले.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्ये मुदती स्पष्ट आहेत. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, परराज्यात गेली तर ४५ दिवसांत. घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव चढवून घ्यायचं. फॉर्म २९ हा विकणाऱ्याने द्यायचा फॉर्म आहे, म्हणजे तो आपल्याच बचावासाठी आहे. मी तो कोरा सही करून दुसऱ्याच्या हातात दिला, ही माझी मूळ चूक. आता हे अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावरून भरता येतात. घेणाऱ्याला शेजारी बसवून, त्याच्याच समोर भरावेत.

आता कुणी विचारलं तर मी सांगतो की व्यवहाराच्या किमतीवर दहा हजार अनामत ठेवून घ्या, नाव चढलं की त्याच दिवशी परत करा. घेणारा सरळ असेल तर नाही म्हणत नाही. गाडी ताब्यात दिल्याची पावती करा आणि तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहा. त्याच संध्याकाळी चलन फाटलं तर कुणाचं, हे वेळेवरूनच ठरतं. घेणाऱ्याच्या आधारची प्रत घ्या, किलोमीटर दिसतील असा फोटो काढा. काचेवरचा फास्टॅग बंद करा, नाहीतर महामार्गावर टोल त्याचा आणि पैसे आपल्या खात्यातून.

विम्याचं एक बऱ्याच जणांना माहीत नसतं. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी विकताना कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नवीन गाडी घेतली तर तो तिला लागतो. मी अल्टोच्या वेळी तेही सोडून दिलं.

आता घेण्याचं.

२०२१ च्या दिवाळीनंतर एक छोटी पेट्रोल गाडी घेतली, २०१४ ची, दोन लाख दहा हजाराला. पॉलिश केलेली, सीट कव्हर कोरी, आत सुगंधी बाटली टांगलेली. बॉनेट उघडून बघितलं, एक चक्कर मारली, घेतली. पुढच्या मे महिन्यात पावसाळ्याआधीचं काम करायला गॅरेजला नेली. मिस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवली आणि स्क्रू ड्रायव्हरची मूठ रनिंग बोर्डवर ठोकत पुढून मागे गेला. पुढच्या दाराखाली आवाज खणखणीत. मागच्या चाकाजवळ आला तसा तो बसका झाला, ओल्या लाकडावर ठोकल्यासारखा. तिथे काळ्या रंगाचा एक फुगा होता, नखाएवढा. त्याने टोक टेकवलं आणि जेमतेम दाबलं तर स्क्रू ड्रायव्हर आत गेला. बाहेर लाल-तपकिरी भुगा सांडला, चांगला ओंजळभर. ज्याला मी कंपनीचं कोटिंग समजत होतो ते गंजावर मारलेलं ताजं काळं कोटिंग होतं. पत्रा कापून वेल्डिंग करायला अठ्ठावीस हजार गेले.

गाडी आधी कुठे उभी असायची ते नंतर कळलं. किनाऱ्याला लागून घर, शेड नाही, समोरून खारा वारा. आपल्याकडे किलोमीटर किती झाले याच्याइतकंच ती रात्री कुठे उभी असायची हेही विचारायला हवं. जमलं तर स्वतः जाऊन ती जागा बघावी. कणकवली, वैभववाडी, सावंतवाडीच्या बाजूची गाडी आणि बंदरावरची गाडी, वर्ष एकच असलं तरी पत्रा वेगळा असतो.

तुमचेही अनुभव लिहा. भाच्याला हा धागा वाचायला देणार आहे.

---

रापण

कातळकोनदादा, चांगलं केलंत लिहिलंत. माझं मालवण तालुक्यात गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. माझे वस्ताद एकच वाक्य सांगायचे, "अरे, वरसून काय बघतंस? खालसून बघ." ते अजून खरं आहे.

गंज कुठे बघायचा ते सांगतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने, सुरूच्या काड्यांनी बुजतात, पाणी दारातच राहतं आणि दार आतून कुजतं. बोट फिरवलं तर कळतं. दाराचं रबर थोडं उपसून आतली कड बघा. डिकीतली चटई काढा, स्टेपनी उचला, खालची खोबण बघा. पुढचे शॉकअप वर बॉनेटमध्ये जिथे बसतात ती जागा बघा, तिथे गंज असेल तर गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असो. ब्रेकचे लोखंडी पाइप मागे जातात त्यांच्यावर पापुद्रे आलेत का बघा. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं तर मालकाला सरळ विचारा, का मारलं. चांगल्या मनाने मारणारेही असतात, ते बिल दाखवतात.

डिकीतून मासे नेलेली गाडी वासावरून कळेलच असं नाही, कारण वास धुतला जातो. पण बर्फाचं खारं पाणी चटईखाली झिरपतं आणि डिकीच्या कोपऱ्यातला वेल्डिंगचा सांधा खातं. तिथे हात घाला. आंब्याच्या सीझनला पेट्या वाहिलेली असेल तर मागून बसलेली दिसते, दोन्ही चाकांवरची फट मोजा.

आणि पर्यटकांना हौस असते म्हणून पुळणीत, पाण्याच्या कडेने गाड्या फिरवतात. भाड्याने दिलेल्या गाड्यांत हे जास्त. समुद्राचं पाणी एकदा चॅसिसच्या पोकळीत गेलं की नंतर पाइप लावून धुतलं तरी सगळं निघत नाही.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलीय, चहा घ्या, तासाभराने परत या. सुरू केल्यावर निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर पावसाळ्याच्या सकाळी थोडा येतोच, पण गाडी तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइलचं झाकण उघडून आत बघा, ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे.

क्लचसाठी चढ लागतो. आंबोली, फोंडा, करूळ, जो घाट जवळ असेल तिथे न्या. तिसऱ्या गिअरला चढताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढला पण वेग वाढला नाही, तर प्लेट गेली.

एप्रिल २०२० नंतरची डिझेल गाडी घेणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा. त्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमांतल्या) गाड्यांना धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी लांब, एका वेगात पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच फिरलेली असेल तर फिल्टर तुंबतो आणि त्याचा खर्च मोठा असतो. गावात वापरायला डिझेल घेऊ नका असंच मी गिऱ्हाइकाला सांगतो.

---

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं तेव्हा आमची गाडी खालीच उभी होती. पहाटे जाग आली तोवर दारापर्यंत पाणी, सकाळी फक्त टप दिसत होता. आम्ही वरच्या मजल्यावरून बघत बसलो, दुसरं काही हातात नव्हतं.

त्यानंतर बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाहेर गेल्या याची मोजदाद नाही. म्हणून कुठल्याही गाडीत हे बघाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. पट्ट्याचा जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीट पुढे सरकवून खालच्या पट्टीचे बोल्ट बघा. गालिचा उचलून त्याखालचा फोम दाबा. हेडलाइटच्या आत वाळलेली पाण्याची रेष असते. पॉवर विंडो, वायपर, लॉक, सगळं एकापाठोपाठ चालवून बघा. गाळाचं पाणी गेलेल्या जोडण्या लगेच नाही, वर्षभराने दगा देतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नंबरवरून जुनी कामं कळतात. जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये मोठं काम किंवा विम्याचा क्लेम असेल तर कारण विचारा.

पण एक विनंती आहे. आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचं एमएच ०८ दिसलं की "पुरातली" म्हणून नाक मुरडू नका. आमच्या आळीत एकांनी इंजिन पूर्ण खोलून, वायरिंग बदलून गाडी उभी केली आणि विकताना सगळी बिलं आणि पुराचे फोटोसुद्धा घेणाऱ्याच्या हातात दिले. किंमत कमी मिळाली, ती त्यांनी मान्य केली. ती गाडी अजून रोज मला बाजारपेठेत दिसते.

---

माजघर

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. बाबा मागच्या वर्षी गेले. गाडी त्यांच्या नावावर, गावच्या घरी पडवीत उभी आहे. आम्ही तिघं भावंडं मुंबईत, वापरणारं कुणी नाही. शेजारचे काका घ्यायला तयार आहेत. बाबांच्या नावावरूनच परस्पर त्यांच्या नावावर करता येईल का? एजंट म्हणतो, "बाबांची जुनी सही कशीतरी जमवू."

---

कातळकोन

माजघर, कृपा करून त्या एजंटचं ऐकू नका. गेलेल्या माणसाची सही करणं हा गुन्हा आहे आणि पुढे अपघात झाला तर सगळं तुम्हा भावंडांवर येईल.

सरळ रस्ता फार अवघड नाही. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. तुमची मुदत उलटून गेलीय, त्याचं शुल्क पडेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकीच्या दोघांची संमती. गाडी आधी तुमच्यापैकी एकाच्या नावावर येईल, मग तिथून काकांच्या नावावर. कर्जाची नोंद असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन ती आधी उतरवा. कर्ज फिटलं म्हणजे आरसीवरची नोंद आपोआप जाते असं खूप जणांना वाटतं, ती मुद्दाम काढून घ्यावी लागते.

बाकी सगळ्यांना सांगतो, २०२१ पासून आरसीवर नॉमिनी नोंदवता येतो. आईवडिलांच्या नावावर गाडी असेल तर या गणपतीत घरी गेल्यावर हा विषय काढा. बोलायला जड जातं, पण काढा.

---

रापण

माजघरताई, ती पडवीतली गाडी काकांना देण्याआधी बॉनेट उघडून बघा. उभ्या गाडीत उंदीर वायरी खातात आणि एअर फिल्टरमध्ये घरटं करतात. एकदम स्टार्टर मारू नका. बॅटरी, ऑइल, ब्रेक बघून मगच. टायरची नक्षी कोरी दिसेल, पण बाजूवर चार आकडे असतात ते वाचा. २३१५ म्हणजे २०१५ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर. तो कितीही कमी फिरलेला असो, रबर कडक झालेलं असतं. काका घाटात जाणार असतील तर आधी टायर बदला म्हणावं.

---

सातवीण

बांदा-दोडामार्गाकडच्यांसाठी एक. गोव्याची जीए नंबरची गाडी इकडे स्वस्त पडते म्हणून पुष्कळ जण घेतात आणि तशीच फिरवतात. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत पत्र), म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स. हा टॅक्स धरून किंमत काढा, बहुतेक वेळा "स्वस्त" राहत नाही. माझ्या आतेभावाने हा हिशोब घेतल्यानंतर केला.

---

सुपारीबाग

माझी २०१० ची पेट्रोल आहे, विकायची होती. पंधरा वर्षं झाली म्हणून कुणी विचारत नाही. काय करावं?

---

कातळकोन

सुपारीबाग, आधी आरसीचं नूतनीकरण करून घ्या, मग विकायला काढा. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर तपासणी होऊन पाच वर्षांची मिळते. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर. एप्रिल २०१९ आधीची गाडी असल्यामुळे नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. कागद ताजे असले की घेणाऱ्याची निम्मी धास्ती जाते.

---

कातळकोन

तीन आठवड्यांनी लिहितोय. भाच्याचं काय झालं ते बऱ्याच जणांनी विचारलंय.

मालवणची गाडी आम्ही रॅम्पवर चढवली. मालकाने आधी कुरकुर केली, मग तयार झाला. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकल्यावर हा तिसरा मालक निघाला, सांगताना "दुसरा" सांगितलं होतं. खाली ताजं काळं कोटिंग. भाच्याने स्वतः स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकत नेली. उजव्या बाजूला मागच्या चाकाशी आवाज बदलला तसा त्याने माझ्याकडे बघितलं. मला काही बोलावं लागलं नाही. गाडी तिथेच सोडली.

मग वैभववाडीच्या बाजूला एक मिळाली, निवृत्त शिक्षकांची, २०१३ ची, एकच मालक. दिसायला मालवणच्या गाडीसमोर काहीच नाही. डाव्या दोन्ही दारांवर चिऱ्याच्या गडग्याला घासल्याचे लांब ओरखडे, सीट विटलेल्या. पण पहिल्या सर्व्हिसपासूनची सगळी बिलं त्यांनी एका फाइलमध्ये तारीखवार लावून ठेवलेली. करूळ घाटात तिसऱ्या गिअरवर कसलीही तक्रार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. शॉकअपच्या जागेवर कंपनीचा मूळ रंग तसाच. गुरुजींनी आपणहून सांगितलं की पाऊस जोराचा असला की मागच्या डाव्या दिव्यात पाणी जातं.

दोन लाख वीस हजाराला ठरलं, वर दहा हजार अनामत. ती कल्पना मी मांडली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बरं झालं तुम्हीच बोललात, मला मागायला संकोच वाटत होता." तिघं मिळून त्यांच्या ओटीवर बसून अर्ज भरला, एकही रकाना कोरा सोडला नाही. विमा भाच्याच्या नावावर करायचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दिला, कारण त्याला १४ दिवसांचीच मुदत असते.

काल दुपारी नाव चढल्याचा मेसेज आला. संध्याकाळी भाचा गाडी घेऊन गुरुजींकडे गेला, त्यांना मोबाइलवर नोंद दाखवली. त्यांनी चष्मा लावून गाडीचा नंबर आणि नाव दोनदा वाचलं, आत गेले आणि दहा हजाराचं पाकीट घेऊन बाहेर आले. त्यावर त्यांनी व्यवहाराच्या दिवशीच पेन्सिलीने भाच्याचं नाव लिहून ठेवलं होतं.